राजवाड्यातले गाणे

मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया सुटले, की मराठी पाट्या एकेक करून मागे पडू लागतात. दरेकशाच्या बाजूला रान दाट होते, बोगदा लागतो. आणि डोंगरगडच्या टेकडीवरचे बम्लेश्वरीचे देऊळ दिसले, की छत्तीसगडात आलो असे खुशाल समजावे. पुढे राजनांदगावला उतरायचे आणि भाताच्या खाचरांमधून सुमारे ४० किलोमीटर मोटारीने जायचे. मग लागते ते खैरागड. गाव लहान, पण तिथला राजवाडा मात्र सकाळपासून गात असतो!

येथले राजे वीरेंद्रबहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची कन्या इंदिरा लहानपणीच गेली. तिच्या नावाने कलेचे विद्यापीठ निघावे म्हणून या दांपत्याने आपला राजवाडाच देऊन टाकला. १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. लेकीच्या स्मरणार्थ कोणी छत्री बांधतो, कोणी घाट. या आईबापांनी परक्यांच्या लेकरांसाठी तानपुरे लावून ठेवले.

मी तेथे गेलो तो निव्वळ हौसेने नव्हे. बारावीत उत्तम गुण मिळवलेल्या आमच्या पुतणीने गायनाचीच पदवी घेणार असा धोशा लावला होता. थोरले बंधू बँकेतले. त्यांचा एकच सवाल, ‘‘गाऊन पोट भरेल काय?’’ बापलेकींत दीड महिना अबोला. शेवटी वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, तुम्ही कॉलेजात शिकवता. तुम्हीच एकदा डोळ्यांनी बघून या.’’

पाहिले ते असे. एका दालनात तबल्याचे कायदे चाललेले, पलीकडे सतार, पुढे कथ्थकचे घुंगरू, आणि कोपऱ्यावरच्या खोलीत छत्तीसगडी लोकगीत. मुलांच्या हाती भातखंड्यांची क्रमिक पुस्तके होती, हिंदीतली. ती मुळात मराठीत लिहिली गेली, हे सांगताच दोघी-तिघी चकित झाल्या. मलाही उगाच अभिमान वाटला.

भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, मूळचे मुंबईचे, पहिल्या काही वर्षांतच येथे कुलगुरू होते. वर्गात गवई तयार होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी रातंजनकरांचे लखनौचे दिवस आठवावेत. तेथे त्यांच्या हाताखाली के. जी. गिंडे आणि दिनकर कायकिणी घडले. मात्र गिंडे लहान वयात गुरूच्या घरीच राहायला गेले होते, हेही विसरू नये. तास संपल्याची घंटा झाली तरी विद्या संपत नव्हती.

एका वयस्क अध्यापकांना मी बंधूंचा सवाल जसाच्या तसा विचारला. ते हसून म्हणाले, ‘‘पदवीने परीक्षेचा दरवाजा उघडतो, मैफलीचा नाही. मैफल कमवावी लागते.’’ मग त्यांनी हिशेबच मांडला. केवळ मैफलींवर जगणारे थोडेच. बाकीच्यांचा संसार शिकवण्या, शाळेतली नोकरी, साथसंगत, नाटक-चित्रपटांचे काम असा चार ठिकाणांहून चालतो. आकाशवाणीची श्रेणी मिळाली तर कलावंत म्हणून मान्यता मिळते. महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट परीक्षा हा रुळलेला रस्ता. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणीची ‘ए’ श्रेणी असलेल्या कलावंतासाठी वेगळी वाटही ठेवली. ‘‘पण पहिली दहा वर्षे,’’ ते म्हणाले, ‘‘घरच्यांनी घाई करू नये.’’

परतल्यावर मी बंधूंना साखर न घालता सारे सांगितले : पगाराची हमी नाही, पण पोरगी उपाशी मरेल ही भीतीही खरी नाही. हवा आहे तो वेळ, आणि तो आपल्यालाच द्यावा लागेल. दादा बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच रेल्वेची तिकिटे काढली, दोन.

परवा फोनवर त्यांनी लेकीला विचारले, ‘‘या सहामाहीत नवीन काय झाले?’’

‘‘बाबा, अजून यमनच चालू आहे.’’

दादा क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘चालू दे.’’