जिभेचा पासपोर्ट

प्रवास आणि पाकक्रिया ह्या दोन विषयांवर लिहिणाऱ्या माणसाकडे लोक किंचित संशयाने पाहतात. हा गृहस्थ पाहण्यासाठी जातो की खाण्यासाठी, असा तो संशय असतो. आणि तो अगदीच निराधार आहे असे आम्हांला म्हणवत नाही. परगावी उतरल्यावर इतर मंडळी किल्ला कोणीकडे, संग्रहालय किती वाजता उघडते, ह्याची चौकशी करतात. आम्ही मासळीबाजार कोठे भरतो ते विचारतो. किल्ला चारशे वर्षे जागचा हललेला नाही. तो दुपारीही भेटेल. चांगली मासळी मात्र सकाळी नऊनंतर कोणासाठी खोळंबून राहत नाही.

ह्या वृत्तीचे बी वसईच्या आमच्या वाडीतच पडले असावे. आमच्याकडे प्रवासाला निघायचे म्हणजे आधी शिदोरीची तयारी व्हायची, मग कपड्यांची. आणि शिदोरीत दुसरे काही असो वा नसो, सुकेळी असायचीच. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात दिवस दिवस वाळवून केलेला हा पदार्थ प्रवाशासाठीच निर्माण झाला असावा, अशी आमची श्रद्धा आहे. तो सांडत नाही, लवकर नासत नाही, आणि त्याची पुडी गाडीत उघडली की समोरच्या बाकावरची अनोळखी माणसे आपोआप ओळखीची होतात.

अशाच एका आषाढी एकादशीला पुण्याच्या गाडीत एका वयस्कर सहप्रवाशांना आम्ही सुकेळी देऊ केली. उपवासाला चालते म्हणून त्यांनी ती आनंदाने घेतली, गाव विचारले, नाव विचारले, आणि आडनाव ऐकताच ते म्हणाले, "अस्सं! म्हणजे तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?"

त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. वाचकांपैकी कित्येकांनी हा प्रश्न शाळेत, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत कधी ना कधी ऐकलेला असेल. आम्ही काही उत्तर देणार तोच त्यांनी आपला डबा उघडला. त्यात साबुदाण्याची खिचडी होती, आणि खिचडी दिसल्यावर आमचे लक्ष वंशावळीवर राहणे शक्यच नव्हते.

आम्ही त्यांना नम्रपणे म्हणालो, "काका, ह्या खिचडीचेही मूळ पाहू या का? साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. तो कंद दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच. शेंगदाणाही तिकडचा. आणि हिरवी मिरची, तीदेखील अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली. पंढरीची वारी ह्या खिचडीहून कितीतरी जुनी आहे. तरी एकादशीच्या ताटात तिला कोणी परकी म्हणत नाही."

काका क्षणभर डब्याकडे पाहत राहिले. मग मोठ्याने हसले आणि अर्धी खिचडी त्यांनी आमच्या पुढ्यात ओतली. "घ्या, तुमच्या परदेशातली आहे," असे वर म्हणालेही! लोणावळा येईपर्यंत आमचे उत्तम जमले होते.

प्रश्न मात्र आमच्या डोक्यातून गेला नाही. पुढे जेथे जेथे गेलो, तेथे ताटात वाढलेल्या पदार्थाला आम्ही मनातल्या मनात तोच प्रश्न विचारू लागलो : बाबा रे, तू मूळचा कोठला? इतिहासाच्या पुस्तकात वाचले ते एवढेच, की वसई १५३४ साली पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. दोनशे पाच वर्षांच्या ह्या कारभारात आडनावे बदलली. पण भातशेती, केळीच्या बागा, घरातली बोली आणि लग्नातली गाणी आपलीच राहिली. स्वयंपाकघराने मात्र आपले दार कोणासाठीच लावून घेतले नाही. जे रुचले ते ठेवून घेतले, आणि असे काही शिजवले की देणाऱ्यालाही ओळखू येऊ नये.

हे केवळ ख्रिस्ती घरांतच झाले असे नाही. बटाटा, पाव, कोबी, काजू, अननस, पपई हे सारे शब्द पोर्तुगिजांच्या जहाजांतून उतरून मराठीत येऊन राहिले. कोकणचा राजा जो हापूस, त्याच्या नावातही एक 'अफोन्सो' दडलेला आहे. पगार आणि तुरुंग हे शब्दही तिकडचेच. परंतु ते खाद्यपदार्थांत मोडत नाहीत. तुरुंगाची फार तर हवा खातात.

आता आपल्या इंद्यालाचेच पाहा. पोर्तुगीज खलाशी लांबच्या सफरीवर डुकराचे मांस द्राक्षाच्या मद्यात आणि लसणीत मुरवून नेत. त्या पदार्थाचे नाव 'व्हिन्या द आल्युश'. 'आल्युश' म्हणजे लसूण. हिंदुस्थानात द्राक्षाचे मद्य दुर्मीळ, पण माडाची ताडी मुबलक. तेव्हा ताडीचा शिरका आला, पाठोपाठ सुकी मिरची, जिरे, हळद आली, आणि गोव्यात त्याचे विंदालू झाले, आपल्याकडे इंद्याल. परदेशातील उपाहारगृहांत ह्याच विंदालूत बटाटे घातलेले आम्ही पाहिले आहेत. 'आलू' हा शब्द ऐकून कोणा आचाऱ्याने केलेला हा भाषिक चमत्कार! बिचाऱ्या लसणीला ह्या गोंधळाची कल्पनाही नसेल. गंमत अशी की मूळ पदार्थ पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आजही नाताळात करतात. तेथील लोक १८३५ पासून मजुरीसाठी दक्षिण अमेरिकेतील गयानाला जाऊ लागले; त्यांनी लसणीत मुरवलेल्या मांसाची ती रीत सोबत नेली, आणि तेथेही ती नाताळच्या सकाळची न्याहारी होऊन बसली. म्हणजे नाताळच्या आदल्या आठवड्यात तीन समुद्रांच्या काठी, एकमेकांना कधीही न पाहिलेल्या घरांत, एकाच वंशाच्या बरण्या मुरत असतात.

लिस्बनला गेलो तेव्हा बेलें येथे कस्टर्डाच्या त्या सुप्रसिद्ध पेस्ट्र्या खाल्ल्या. शेजारच्या जेरोनिमो मठातील ही पाककृती. पोर्तुगालच्या मठांत अंड्यांचा पांढरा भाग वस्त्रांना खळ करण्यासाठी वापरीत आणि उरलेल्या पिवळ्या बलकाचे काय करावे ह्या विवंचनेतून मिष्टान्ने जन्मली, असे सांगतात. १८३४ साली सरकारने मठ बंद केले. १८३७ पासून हीच पेस्ट्री मठाजवळच्या दुकानात विकली जाऊ लागली, ती आजतागायत. गरम पेस्ट्रीवर दालचिनीची पूड भुरभुरवून देतात. दालचिनी म्हणजे तर आपल्या बाजूची, सिंहलद्वीपाची! आम्ही त्या पुडीकडे माहेरच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

परंतु खरा आनंद पुढेच होता. तेथील एका साध्या खाणावळीत 'कांझा' नावाचे कोंबडीचे सूप मिळाले. तांदूळ घातलेले, ऊनऊन, पातळ. आजाऱ्याला, बाळंतिणीला, पोट बिघडलेल्याला हेच देतात, असे वाढणाऱ्या बाईंनी सांगितले. वाचकहो, ती आपली पेज होती! शब्द आपल्या दक्षिणेतल्या कांजीचा, पदार्थ आपल्या पेजेचा, फक्त त्यात कोंबडी पडलेली. त्या बाईंना विचारावे असे फार वाटले, "बाई, तुम्ही मूळच्या कोकणातल्या का?" परंतु आमचे पोर्तुगीज 'आणखी थोडे वाढा' ह्याच्या पलीकडे जात नसल्यामुळे तो प्रसंग टळला.

ह्या वाटेवरचा सर्वांत लांबचा मुक्काम म्हणजे नागासाकी. वसईकराला नागासाकीची ओढ का असावी हे वाचकांना सांगायला नको. संत गोन्सालो गार्सिया, पोर्तुगीज पित्याचे आणि वसईच्या मातेचे पुत्र, आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन ब्रदर, जपानी भाषेत पारंगत, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर रक्तसाक्षी झाले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. टेकडीवर आता सव्वीस जणांचे स्मारक उभे आहे. घरापासून इतक्या दूर आपल्या गावच्या माणसासमोर उभे राहिलो असता आमच्यासारख्या बोलक्या माणसालाही काही सुचेना.

टेकडी उतरलो आणि भूक लागली. न्याहारीसाठी पाव कोठे मिळेल, असे खुणेने विचारताच दुकानदार म्हणाला, "पान? पान?" विड्याच्या कल्पनेने आम्ही चकित झालो, परंतु त्याने पुढे केला तो पावच! पोर्तुगीज 'पांव' आपल्याकडे आला तो पाव झाला, जपानात गेला तो पान झाला. तळलेल्या मासळीचा 'तेंपुरा' तेथे चाखला. ते नाव उपवासाच्या दिवसांसाठी असलेल्या 'तेंपोरा' ह्या लॅटिन शब्दावरून आले, असे पुष्कळजण मानतात. आणि नागासाकीचा 'कासुतेरा' केक तर आम्ही दोन दिवस खात होतो. अंडी, साखर, मैदा. लोण्याचा थेंबही नाही, आणि तळाशी जाड साखरेचे कण दाताखाली येतात. ही कृतीही पोर्तुगिजांनीच नेलेली. जपानने १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, १६३९ साली पोर्तुगिजांना देशाबाहेर काढले. केक मात्र राहिला. कोणत्या फर्मानाने त्याला कोणी थांबवणार? तो तोवर नागासाकीचा झाला होता.

तेथेच आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अर्धेमुर्धे उमगले. पदार्थ कोठून आला ह्याला फारसा अर्थ नाही. कोणाच्या हातांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, हे खरे. परंतु ह्या उत्तराच्या पाठोपाठ एक काळजीही आली. नागासाकीत कासुतेऱ्याची दुकाने शतकानुशतके चालू आहेत. आपल्या इंद्यालाचे, फुग्यांचे, मे महिन्यात कुटून बाटल्यांत भरायच्या मसाल्याचे दुकान कोठे आहे? ते चार-दोन वृद्ध बायकांच्या बोटांत आहे.

आमच्या थोरल्या काकी ह्या त्यांपैकी एक. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा नातू कॅनडात असतो. तो डिसेंबर लागला की फोन करतो, "आजी, शिरका किती घालू?" काकी उत्तर देतात, "चव बघ आणि घाल." आता ज्याने ती चव लहानपणी घेतली त्याला हे उत्तर पुरे आहे. त्याच्या मुलांना ते कसे पुरावे?

म्हणून गेल्या नाताळापूर्वी आम्ही वही आणि तराजू घेऊन काकींच्या स्वयंपाकघरात ठाण मांडले. त्या मुठीत मिरच्या घेत, आम्ही ती मूठ तराजूत रिकामी करून घेत असू. त्या शिरका ओतू लागत, आम्ही मध्येच पेला धरत असू. तासाभराने काकींचा संयम सुटला. "अरे, स्वयंपाक करू देतोस की वाण्याचे दुकान मांडलेस?" आम्ही म्हणालो, "काकी, तुमची मूठ कॅनडाला पाठवायची आहे." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढची मूठ त्यांनी आपण होऊन तराजूत टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही वाचून दाखवायला सांगितली. डोळे मिटून सारे ऐकले. लसूण इतक्या पाकळ्या, जिरे इतके चमचे, मुरवायचे इतके तास. शेवटी म्हणाल्या, "सगळे बरोबर आहे. पण एक लिहिले नाहीस."

"काय, काकी?"

"पहिली वाटी शेजारी द्यायची. शिजल्याबरोबर. आपण चाखायच्या आधी. ते लिही."

आम्ही लिहिले. गाडीतल्या त्या काकांना जे उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते आता वहीच्या त्या पानावर आहे. आम्ही मूळचे कोठले, ह्याचा पुरावा आडनावात शोधू नये. आमच्या घरची पहिली वाटी कोणाच्या उंबऱ्यावर जाते ते पाहावे. ती आपल्या वाडीतच जाते. तिच्या बदल्यात दिवाळीत करंज्यांचे ताट येते, हे आमच्यासारख्याने नमूद न केल्यास तो कर्तव्यात कसूर ठरेल.

वाचकहो, तुमच्याही घरी अशी एखादी काकी, आजी किंवा मावशी असेलच. ह्या सणाला तिच्यापाशी वही घेऊन बसा. ती रागावेल, रागावू द्या. मुठी मोजून घ्या, चिमट्या मोजून घ्या, आणि तिने शेवटी काही वेगळेच सांगितले तर तेही उतरवून घ्या. वही पूर्ण झाली की आम्हांला जरूर बोलवा. ती तपासून देण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत. मात्र आमची तपासणी वाचून होत नाही, ताटावर बसूनच होते.