हर्सूलहून राजधानीकडे

सोमवार

मुक्काम हर्सूलला, मावशीकडे. बाहेरच्या माणसाला हर्सूल म्हटलं की मध्यवर्ती कारागृह आठवतं. इथल्यांना तलाव आणि नवरात्रातली हरसिद्धीची जत्रा. टी पॉइंटवर उभं राहिलं की एक रस्ता अजिंठ्याकडे जातो आणि दुसरा जुन्या शहरात उतरतो. काका म्हणाले, ‘‘शहर पाहायचं तर आधी पाणी बघ, मग दरवाजे.’’ म्हणून संध्याकाळ तलावावरच घालवली.

उत्तरेच्या डोंगरांतून येणारी खाम नदी इथून खाली शहराला बगल देत जाते. शहर वसवणाऱ्याने हा उतारच हेरला होता. मलिक अंबर हा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झालेला. 1610 मध्ये त्याने खडकी या गावाला राजधानी केलं. जमीन खडकाळ, वर मुघलांशी लढाई चालूच. तरी त्याने नहर-ए-अंबरी खणवली: उत्तरेच्या डोंगराकडचं झिरपतं पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर, शहरात खेळवलं. माझ्या मते त्याच्या कुठल्याही लढाईपेक्षा हे काम मोठं. लढाया मुघलांनी पुढे फिरवल्या. 1633 मध्ये दौलताबाद गेलं, 1636 मध्ये निजामशाहीही संपली. नहरी मात्र जिंकणाऱ्यांनीही वापरल्या, वाढवल्या.

मंगळवार

सकाळी हर्सूलकडून दिल्ली दरवाजाला उतरलो. याच वाटेने उत्तरेचा प्रवासी राजधानीत शिरायचा. आज रिक्षा, दुचाक्या आणि एक हातगाडी एकाच वेळी शिरत होत्या. दरवाजाने तक्रार केली नाही.

1653 मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने शहराला आपलं नाव दिलं: औरंगाबाद. (मध्ये अंबरचा मुलगा फत्तेखान याने फत्तेनगर करून पाहिलं होतं. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. नावांच्या बाबतीत हे शहर कधीच स्वस्थ बसलं नाही.) तट मात्र 1682 चा, बादशहा म्हणून तो परत आल्यावरचा. कारण सरळ होतं: मराठे शहराबाहेरच्या पुऱ्यांपर्यंत (वस्त्यांपर्यंत) येऊन लुटून जात होते. पुढची पंचवीस वर्षं तो दख्खनमध्येच लढत राहिला. दिल्लीकडे तोंड केलेल्या या दरवाजातून तो दिल्लीला काही परतला नाही.

इथले लोक बावन्न दरवाजे म्हणतात. तटाचे मुख्य चारच. बाकीच्यांत लहान दरवाजे, खिडक्या आणि पुऱ्यांची प्रवेशद्वारं धरावी लागतात. पुऱ्यांची नावंही ऐकण्यासारखी. करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंगाचा. मुघलांचे राजपूत सरदार फौजफाट्यासह इथे राहिले. करणपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली जत्रा आजही शहरातली सर्वांत मोठी.

दुपारी भडकल दरवाजा. हा तटाच्याही आधीचा: 1612 मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून अंबरने उभारलेला. तिथून पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली. डोंगरातल्या विहिरीचं पाणी मातीच्या नळांतून मैलोगणती येतं, उंच भिंतीवर चढतं आणि हौदात कोसळतं. भिंतीवर चढतं कसं, हे एका शाळकरी मुलीने शिक्षकांना विचारलं. उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच आहे आणि नळ बंद आहेत, एवढंच उत्तर. त्या कोसळत्या पाण्यावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी धान्य दळलं जायचं. हौदाखालच्या दालनात गेलात तर भर मे महिन्यातही गारवा.

बुधवार

बीबी का मकबरा. ‘गरिबाचा ताज’ हे बिरुद ज्याने चिकटवलं, त्याने जवळ जाऊन पाहिलं नसावं. गिलाव्यातली वेलबुट्टी तासभर पाहावी अशी आहे. संगमरवर घुमटाला आणि खाली कमरेएवढ्या पट्ट्याला. मधलं सगळं आपला काळा दगड, वर चुन्याचा गिलावा. तॅव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाला वाटेत संगमरवराच्या सुमारे 300 गाड्या भेटल्या होत्या. त्यांतल्या लहानात लहान गाडीला 12 बैल! खर्चाचा आकडाही आण्यांपर्यंत लिहिलेला सापडतो: 6,68,203 रुपये 7 आणे.

औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आईसाठी बांधला, असं गाइड सांगतात. ती आई, दिलरस बानू, 1657 मध्ये वारली तेव्हा आझम चार वर्षांचा होता. त्याने पुढे हवी तेवढी भर घातली असेल, पण पायाभरणीचा हुकूम बापाचाच असणार. कारागिरांची नावं दरवाजावरच आहेत: अताउल्ला आणि हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा.

गुरुवार

खुलताबादला जाताना दौलताबाद बसमधूनच पाहिलं. 1327 मध्ये तुघलकाने दिल्लीची राजधानी याच किल्ल्याखाली आणली होती. त्यावर पुढच्या लेखांकात सविस्तर.

आज कबरी. मुघलांनंतरचा पहिला निजाम आसफजाह (अंबरच्या निजामशाहीशी याचा संबंध नाही) याच्या काळातही औरंगाबाद हीच राजधानी होती. 1763 मध्ये निजामअलीने दरबार हैदराबादला हलवला आणि शहराची मोठेपणाची हौस एकदम उतरली. या राजधानीचे तिन्ही धनी खुलताबादेतच आहेत. अंबरचा मकबरा घुमटाचा, दणकट. औरंगजेबाची कबर झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात, उघड्या आभाळाखाली. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची. रस्ता ओलांडला की समोरच्या बुऱ्हाणुद्दीन दर्ग्यात पहिला निजाम आसफजाह. तिघांच्या दर्शनाला अर्धा दिवस पुरला, तोही मध्ये चहा घेऊन.