अर्धी मात्रा मागे

आमच्या मंडळीत सुगीची उपकारस्तुती दिवाळीच्या आगेमागे होते. त्या रविवारी चर्चमध्ये पाऊल टाकले की आधी वास येतो: नव्या बाजरीचा, मातीसकट उपटून आणलेल्या भुईमुगाचा, दारापाशी पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्यांचा. वेदीपुढे भोपळे, कणसे, अंड्यांची टोपली. उपासना संपली की या सगळ्याचा लिलाव होतो आणि दहा रुपयांचा भोपळा शंभराला आनंदाने घेतला जातो. पण त्याआधी पेटीचा सूर लागतो, ढोलकीवर थाप पडते, टाळ सुरू होतात, आणि नगर जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावात मंडळी गाऊ लागते.

माझ्या आजीला वाचता येत नव्हते. गीतांचे पुस्तक ती हातात धरायची, पण ओळ घ्यायची ती शेजारणीच्या तोंडून. आधी ऐकायचे, मग गायचे. त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागे असे. मंडळी ओळ संपवून श्वास घेई, तेव्हा आजीचा शेवटचा शब्द एकटाच हवेत राही. लहानपणी मला त्याचा संकोच वाटे. मी तिचा पदर ओढी. ती माझ्याकडे बघून हसे आणि पुढच्या ओळीची वाट पाही.

1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. घरात चार पोरे, हाताला घट्टे, मडक्याच्या तळाशी मूठभर पीठ. एके संध्याकाळी वरच्या आळीची आक्का पदराखाली पायलीभर बाजरी झाकून आली, उंबऱ्याच्या आत ठेवली आणि काही न बोलता गेली. आक्का आमच्या मंडळीतली नव्हती. माळ घालणारी, वारीला जाणारी. तिच्या घरीही त्या वर्षी काही कणगी भरलेली नव्हती.

पाऊस झाला, पीक आले, तेव्हा आजी पायली भरून तिच्याकडे गेली. ‘‘आक्का, बाजरी आणलीय.’’ आक्का जात्यावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘‘दिलं ते दिलं, बाई. दुसऱ्या कुणाला लागंल तवा दे.’’

आजी ती पायली तशीच डोक्यावर घेऊन परत आली. पुढे दर सुगीला, चर्चमध्ये धान्य नेण्याआधी, एक पायली वेगळी निघू लागली. ती कुठे जाते हे तिने कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

आपण म्हणतो, ‘उपकार फेडले’, ‘ऋण फेडले’. ‘कृपा फेडली’ असे मात्र कोणी म्हणत नाही. भाषेला ते माहीत आहे. कृपा देणाऱ्याकडे परत नेता येत नाही. परत नेलेली पायली आक्काने नाकारली त्या क्षणी उपकार संपला आणि कृपा सुरू झाली. जे फेडता येत नाही त्याचे दोनच मार्ग उरतात: ते गावे, नाहीतर पुढे द्यावे. आमच्या लोकांनी आभारासाठी शब्द घडवला तो ‘उपकारस्तुती’. फेड नाही, स्तुती.

आमचे गाणेसुद्धा असेच मिळालेले आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणे केले. सुरुवातीच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते होती. शब्द मराठी, पण त्यांचा आघात एकीकडे पडे आणि सुराचा दुसरीकडे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी पदे रचली, ख्रिस्ती कीर्तनाला घर मिळवून दिले. मग आले नारायण वामन टिळक. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी येताना ओवी आणि अभंग बरोबर घेऊन आला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकात त्यांची शंभरावर गीते आहेत, आणि ती म्हणताना जीभ अडखळत नाही, कारण वारकऱ्यांनी शेकडो वर्षे चालत चालत ती वाट मळून ठेवली होती. आक्काच्या पायलीच्या कितीतरी आधी आक्काच्या लोकांनी आम्हाला चाल दिली होती.

टिळकांच्या घरात ते गाणे ओठांवर थांबले नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, 1900 साली बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या चुलीवर परक्यांची मुले वाढली. बालकवी ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहिले. त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही. ज्या हातांनी एके काळी दुसऱ्याचा स्पर्श टाळला, त्याच हातांनी वाढलेले ते ताट मला त्या काळातल्या सर्वांत सुंदर गीतांपैकी एक वाटते.

सुगीच्या उपासनेत पाळकसाहेब पुष्कळदा लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घेतात. दहाही बरे झाले. मोठ्याने स्तुती करत परत आला तो एकटा, आणि तोही परका, शोमरोनी. येशूने बाकीच्या नऊ जणांची चौकशी केली. पण त्यांचे बरे होणे काढून घेतले नाही. मला या गोष्टीत तेवढेच पुरते. नऊ जणांची कातडी तशीच नितळ राहिली. कृपा आभाराची वाट बघून मग उतरत नाही.

आजी गेली त्या वर्षी उपकारस्तुतीला मंडळीचे गाणे एकदम संपले. ओळीनंतरची ती जागा रिकामी होती, आणि लहानपणी जिचा संकोच वाटला ती अर्धी मात्रा मी कान देऊन शोधत राहिले.

यंदा माझ्या शेजारी ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक बाई बसली होती. मांडीवर मूल, अंगावर प्रवासाची धूळ. मी पुस्तक तिच्यापुढे धरले. तिने मान हलवली. वाचता येत नव्हते. मी पुस्तक मिटले, तिच्याकडे सरकले आणि प्रत्येक शब्द जरा मोकळा करून गाऊ लागले. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलले. तिसऱ्या कडव्यात मंडळीने ओळ संपवून श्वास घेतला, आणि तिचा शेवटचा शब्द एकटाच हवेत राहिला.