सभासदांची संध्याकाळ

आमच्या कुरकुंभच्या एमआयडीसीत कुणाचा पगार किती यावर फारसं बोलणं होत नाही. रविवारचा ऑफ कुणाला लागलाय, ही खबर मात्र सगळ्यांकडे असते. मी एका केमिकल कंपनीत प्लँटवर ऑपरेटर आहे. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पाळ्या फिरतात आणि त्यांच्या मागोमाग वीकली ऑफ फिरतो. मुलांना सुट्टी रविवारी. बायको दौंडला पतसंस्थेत नोकरीला, तिलाही सुट्टी रविवारीच. माझा ऑफ कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. त्यात रिलिव्हर आला नाही तर पाळी संपली म्हणून रिअॅक्टर सोडून उठता येत नाही, डबल मारावी लागते. चौघांनी मिळून घराबाहेर काढलेला एक अख्खा दिवस किती मोलाचा असतो, हे पाळीवाल्याच्या घरच्यांना विचारावं. पुढे जो खर्चाचा हिशोब मांडणार आहे त्याचा पाया हाच आहे.

माझा मेहुणा चिंचवडला राहतो. पुण्याच्या पलीकडच्या एका पार्कची वर्षाची मेंबरशिप त्यानं घेतली आहे. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एकट्या त्या पार्कचं नाही. परीक्षा संपता संपता त्याचा फोन आला. "दाजी, शनिवारी ऑफ बघा. मेंबरांसाठी खास संध्याकाळ ठेवलीय. पाचला बाकीचं पब्लिक बाहेर काढणार, मग अकरापर्यंत पार्क फक्त मेंबरांना आणि त्यांच्या पाहुण्यांना. पाहुण्याला माणशी 1,800, जेवण त्यातच."

बायकोनं तिथल्या तिथे आकडेमोड केली. दिवसाचं साधं तिकीट 1,200 रुपये. संध्याकाळच्या सहा तासांना 1,800. चौघांचे 7,200. त्यावर पेट्रोल, पाटसचा टोल, पुढचे टोल, वाटेतला चहा-नाश्ता. "म्हणजे दहा हजार. पोरीच्या क्लासची वर्षाची फी निघते एवढ्यात. आणि कमी वेळासाठी जास्त पैसे, हे कुठलं गणित?" तिचा प्रश्न रास्त होता. दिवसभर लोकांच्या आरडीचे हप्ते मोजणारी बाई आहे ती, तिला भुलवून चालत नाही.

पण त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुसऱ्या एका मोठ्या पार्कला साध्या तिकिटावर गेलो होतो, तो दिवस मला विसरता येत नव्हता. साडेदहाला आत शिरलो, सहाला बाहेर पडलो. चार राईड झाल्या. बाकी सगळा वेळ लोखंडी कठड्यांमध्ये उभं राहण्यात गेला. सगळ्यात लांब रांगेत असताना शेजारच्या मोकळ्या वाटेनं मनगटाला वेगळ्या रंगाचा पट्टा बांधलेली माणसं येत आणि थेट पुढे जात. जादा पैसे भरले की रांग लागत नाही, अशी ती सोय. माझी मुलगी सातवीत आहे. ती म्हणाली, "पप्पा, ते आले की आपली रांग थांबते." तिनं बरोबर पाहिलं होतं.

मी बॅचवर काम करणारा माणूस. चार्जिंग, रिअॅक्शन, अनलोडिंग, परत चार्जिंग. राईडसुद्धा तशीच चालते. माणसं बसवायची, बार लावायचे, तपासायचे, गाडी सोडायची, आली की उतरवायची. समजा एका गाडीत 24 जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला 480 माणसं झाली. मालकानं कितीही तिकिटं विकली तरी या आकड्यात एकाचीही भर पडत नाही. त्यातल्या 240 जागा पट्टेवाल्यांना गेल्या, तर साध्या रांगेला उरतात 240, म्हणजे तिचा वेळ सरळ दुप्पट होतो. पार्क पट्टेवाल्याला जो वेळ विकतं तो त्यानं तयार केलेला नसतो, उन्हात उभ्या असलेल्या माणसाकडून काढून घेतलेला असतो. शिर्डीला, तुळजापूरला पैसे भरून दर्शनाची सोय आहे, तिथेही माझ्या मनात हेच येतं. आमच्या कुरकुंभच्या फिरंगाई देवीला नवरात्रात बाया पहाटे अंधारात येऊन उभ्या राहतात. त्यांच्यापुढे कुणी पैसे देऊन शिरलं तर ते मला सहन होणार नाही.

म्हणून मेहुण्याचं बोलणं ऐकताना मला त्या संध्याकाळमधला फरक जाणवला. तिथे कुणाच्या पुढे घुसायचं नव्हतं. पार्कच मुळात थोड्या माणसांसाठी उघडं राहणार होतं. बायकोला मी एवढंच म्हटलं, की आपल्याला राईडी विकत घ्यायच्या नाहीत, न थांबता गेलेले सहा तास विकत घ्यायचे आहेत. असे सहा तास आपल्याला वर्षात कितीदा मिळतात ते तूच सांग. ती तयार झाली, पण दहा हजारांवर एक रुपया जाऊ देणार नाही या बोलीवर.

फर्स्ट शिफ्ट करून तीनला सुटलो असतो तर पोचणं शक्य नव्हतं. शिल्लक राहिलेला एक सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, घातला आणि सकाळी निघालो. पाटस, चौफुला, यवत, उरुळी असं करत हडपसरच्या गर्दीतून चिंचवड, तिथे जेवण, आणि मग मेहुण्याच्या मुलांसह पुढे.

पाचला गेटवर जे पाहिलं ते आधी सांगतो, कारण माझ्या हिशोबात ते नव्हतं. आम्ही बाहेर उभे, आणि आतून दिवसाचं पब्लिक बाहेर येत होतं. ओले केस, हातात पिशव्या, पेंगुळलेली मुलं. खांद्यावर पोरगी घेतलेला एक माणूस सिक्युरिटीवाल्याला विचारत होता, "आठपर्यंत असतं ना?" सिक्युरिटीवाल्यानं तिकीट खिडकीजवळच्या कागदाकडे बोट केलं. आज पार्क पाचला बंद, असं त्यावर लिहिलेलं होतं. तिकिटाचा दर मात्र नेहमीचाच होता. त्या माणसाचे तीन तास कमी झाले होते आणि ते आमच्या खात्यात जमा झाले होते. म्हणजे कुणाचा वेळ न घेता ही संध्याकाळ मिळते, हा माझा समज पुरता खरा नव्हता. पण यावर उपाय सोपा आहे. त्या दिवसाच्या तिकिटावर वेळ ठळक छापा आणि दर कमी लावा.

फ्लोरिडात टॅम्पाला माझी मावसबहीण राहते. तिच्याकडून कळलं, की तिकडच्या डिस्नेत हे फार पूर्वीपासून चालतं. ऑरलँडोच्या मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनच्या दिवसांत वेगळ्या तिकिटाच्या रात्री असतात आणि त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. 2023 मध्ये त्यातल्या सर्वांत महाग रात्रीचं तिकीट 199 डॉलर होतं. पण तारखा कितीतरी आधी जाहीर झालेल्या असतात. "दादा, आम्ही मुद्दाम त्याच दिवशी सकाळी जातो," ती म्हणाली, "लवकर बंद होणार म्हणून गर्दी कमी असते." रांग टाळायची सोय तिथे 1999 पासून फुकट होती. ती बंद होऊन 2021 पासून त्याला पैसे पडू लागले, याचा तिला अजून राग आहे. तिच्याकडे वर्षाचा पास आहे आणि तो तिला परवडतो, कारण तास-सव्वा तासाच्या अंतरावर राहून ती मुलांना घेऊन अर्ध्या दिवसासाठीही जाऊन येते. दोन राईड झाल्या की घरी.

आत गेल्यावर पहिला तास माझ्या मुलाचा पडलेला चेहरा बघण्यात गेला. तो तिसरीत आहे. मोठ्या राईडच्या दाराशी उंची मोजायची पट्टी असते. 140 सेंटीमीटरच्या पट्टीखालून तो सहज गेला, म्हणजे बाद. 120 च्या पट्टीला दोन बोटं कमी पडली, तिथेही बाद. ताईला आत सोडलं आणि याला नाही. ही पट्टी सुरक्षेसाठी असते आणि ती कुणासाठी वाकवू नये, हे मी प्लँटवरचा माणूस म्हणून मनापासून म्हणतो. पण त्याच्याही तिकिटाचे 1,800 घेतले होते, आणि कोणत्या राईडला किती उंची लागते ते मेंबरांच्या मेसेजमध्ये कुठेही नव्हतं. दोन राईड दुरुस्तीसाठी बंद होत्या, तेही आत गेल्यावर कळलं.

मग त्याच्या उंचीला चालणारी एक गाडी सापडली. डोंगरासारख्या बांधकामातून वळणं घेत जाणारी, फार जोरात नाही, पण पोटात गोळा यावा इतपत. एकदा बसला, उतरला, धावत वळसा घालून परत रांगेच्या तोंडाशी. रांग नव्हतीच. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिथला ऑपरेटर पोरगा म्हणाला, "उतरू नको बाळा, बसूनच राहा." आणि त्याला तसंच परत पाठवलं. गाडीत माझा मुलगा, मेहुण्याचा धाकटा आणि सगळ्या रिकाम्या सीट. दहा हजारांतले निम्मे तरी तिथे वसूल झाले, असं मी आजही म्हणतो. दिवाळीतल्या त्या दिवशी याच मुलानं पाय दुखतात म्हणून रांगेतच बसकण मारली होती.

त्या ऑपरेटरकडे माझं लक्ष धंद्याच्या सवयीनं गेलं. प्रत्येक खेपेला तो बार हातानं वर ओढून बघत होता. आधी पोरांचे, मग पुढे जाऊन रिकाम्या सीटचेसुद्धा. दोन पोरांसाठी अख्खी गाडी तपासत होता, आणि तेही रात्री नऊ वाजता. मी विचारलं, ड्युटी कधीपासून? म्हणाला, "सकाळी साडेनऊपासून. आज मेंबरांचं आहे ना, सगळ्यांना थांबवलंय." ओटी मिळते का, यावर "बघू" म्हणून हसला. डबलची रात्र कशी असते ते मला ठाऊक आहे. वेगळ्या संध्याकाळचे वेगळे पैसे घेता, तर तिच्यासाठी वेगळी पाळी लावा, निदान थांबलेल्या पोरांना दुप्पट दरानं ओटी द्या. 1,800 च्या तिकिटात एवढं बसायला हवं.

जेवणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पनीर, पुलाव, गुलाबजाम.

जेवणाच्या जागेलाच एक टेबल मांडलं होतं. त्यावर तीन वर्षांच्या मेंबरशिपचे फॉर्म आणि टाय लावलेली मुलं. मेंबरांसाठी वेगळं पार्किंग, बसायला एसी हॉल, नाव छापलेलं कार्ड, वाढदिवसाला केक. बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "एखाद्या वर्षी यायला नाही जमलं तर पैसे पुढे ओढता येतात का?" नाही म्हणाले. मग ती उठलीच. मेंबरशिपची किंमत ठरते ती तुम्ही वारंवार याल या भरवशावर, आणि कुरकुंभहून सगळं धरून तीनशे किलोमीटरची जा-ये करणाऱ्या पाळीवाल्याला असा भरवसा देता येत नाही. मेहुण्याला ती परवडते, कारण तो रविवारी दुपारी मनात आलं की निघतो. आमच्यासाठी ते कार्ड कपाटातच राहिलं असतं. आणि वेगळं पार्किंग, एसी हॉल यांना माझ्या लेखी काडीची किंमत नाही. खास माणूस म्हणवून घ्यायला मी गेलो नव्हतो.

माझ्या लहानपणी पार्क म्हणजे एस्सेलवर्ल्ड. 1989 ला गोराईला सुरू झालेलं. शाळेच्या सहलीत लाँचनं खाडी ओलांडून गेलो होतो आणि एका तिकिटात कशातही कितीदाही बसा, याचंच आम्हा पोरांना नवल वाटलं होतं. तोवर ठाऊक होती ती जत्रा, तिथे दर पाळण्याला वेगळे पैसे. अमेरिकेतलं 1955 चं डिस्नेलँडसुद्धा 1982 पर्यंत असंच कूपनांवर चालायचं. जत्रेतल्या पाळणेवाल्याची एक रीत मला अजून आवडते. गर्दी नसली की तो तेवढ्याच पैशात जास्त फेरे देतो, गर्दी झाली की आवरतं घेतो. पार्कमधली राईड आखलेल्या वेळेत संपते, तिथे गर्दीचा फरक फक्त रांगेत दिसतो. खोपोलीजवळ 2013 मध्ये इमॅजिका झालं, पुण्याच्या आसपास वॉटर पार्क झाली, त्यामुळे आता आमच्या तालुक्यातली माणसंही वर्षातून एकदा तरी बेत आखतात. त्यांना मी सांगतो, की जमलं तर शाळा चालू असताना आठवड्याच्या मधल्या वारी जा, साध्या तिकिटावर सगळं होईल. ज्यांना सुट्टीतच जाणं भाग आहे आणि वर्षाकाठी असा एकच दिवस हाती आहे, त्यांनी रांग ओलांडण्याच्या पट्ट्यावर पैसे घालू नयेत. बंद गेटाची संध्याकाळ मिळत असेल तर तिच्यावर घालावेत. महाग आहे, पण मिळणारी वस्तू खरी आहे.

बायकोला हे सगळं पटलंय असं नाही. तिच्या मते दहा हजारांत गणपतीपुळ्याला दोन दिवस झाले असते आणि सासूबाईंनाही नेता आलं असतं. आईला घरी ठेवून जाणं मलाही जड गेलं होतं, त्यामुळे तिच्या या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मेहुण्याला सांगून ठेवलंय. पुढची तारीख लागली की पैसे भरण्याआधी कोणत्या राईड चालू आहेत आणि कशाला किती उंची लागते, हे विचारून लेखी घे. ती तारीख शनिवारच्या सेकंड पाळीवर आली तर माझ्या जागी उभा राहायला प्लँटवरचा एक जोडीदार तयार आहे. बदल्यात त्याची एक नाईट मी करायची, असं ठरलंय.