कळव्याच्या खाडीवर गळ टाकताना

ठाणे सोडून लोकल खाडीवरच्या पुलावर चढली की पलीकडे कळवा. १ मे १८५४ रोजी रेल्वे ही खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. ओहोटीला खिडकीतून काळा चिखल आणि तिवरं दिसतात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो. या चिखलात किडे, बारीक झिंगे, चिंबोरीची पिल्लं वाढतात. खाडीतला मासा त्यांच्यावर जगतो. म्हणून काठावर गळ टाकून बसणाऱ्याच्या डब्यात बहुधा कोळंबी असते. जिताड्याला तीच आवडते. पाण्यात जे खाणं आहे, तेच गळाला लावायचं, हा आमिषाचा पहिला नियम.

सुट्टीत काश्मीरला जाणाऱ्या घरांना तिथल्या ओढ्यांतला ट्राउट ठाऊक असेल. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी तो तिथे आणला. तो धरायला सरकारी परवाना लागतो. ट्राउट ज्या बारीक, वाकड्या पाठीच्या झिंग्यासारख्या जीवावर तुटून पडतो, त्याला इंग्रजीत स्कड म्हणतात. शौकीन लोक दोरा आणि केस गळावर गुंडाळून त्याची नक्कल बनवतात. यातली जिन्नसांची निवड आपल्या काठावरही उपयोगी आहे.

अंगासाठी सशाचे मऊ केस दोऱ्यावर पिळून घेतात. पाठीवर पारदर्शक प्लॅस्टिकची अरुंद पट्टी ताणतात आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेढे देतात. त्याने कवचाचे पेर दिसतात आणि वजनही येतं. पोटाखालचे केस सुईने उपसले की पाय तयार. रंग मात्र कोरड्या केसांवरून ठरवू नये. ओले झाल्यावर ते गडद होतात. आधी वाटीतल्या पाण्यात बुडवून पाहावं. दगड उलटून तिथला खरा जीव हिरवट आहे की करडा, हेही बघावं.

वजनासाठी बरेच जण शिसं वापरतात. ते पाण्यात पडून राहतं आणि दाणे टिपताना पक्षी ते गिळतात. हंस मरू लागले म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ साली गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. आपली खाडी दक्षिणेकडे रुंद होते, तिथे २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे. २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. शेवाळ आणि बारीक झिंगे खाऊनच रोहितांना गुलाबी रंग येतो. तेव्हा शिशाऐवजी लोखंडी नट किंवा तांब्याची तार लावावी. तुटलेला नायलॉन तिवरांत सोडू नये, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

पाण्यातली शिकार हलाल असल्याचं सूरह अल-माइदात (५:९६) आलं आहे. पण सूरह अल-बकरात (२:१६८) हलालसोबत तय्यब, म्हणजे स्वच्छ आणि चांगलं, हीही अट आहे. नाल्याचं आणि कारखान्यांचं पाणी जिथे खाडीत उतरतं, तिथला मासा हलाल असला तरी मुलांच्या ताटात वाढताना ही दुसरी अट आठवावी. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सजीवाला नेमबाजीचं लक्ष्य करायला मनाई केली आहे. म्हणून नुसत्या गंमतीसाठी मासा टोचू नये. घरात लागेल तेवढाच धरावा आणि धरल्यावर तडफडत ठेवू नये.

मुलांना काठावर नेलंत तर आधी गळ देऊ नका. ओहोटीला चिखलाची एक मूठ पांढऱ्या ताटलीत, थोड्या पाण्यात सोडून दाखवा. काय वळवळतं ते त्यांना मोजू द्या. काहीच वळवळलं नाही, तर त्या जागी आमिष कुठलं लावायचं हा प्रश्नच उरत नाही. मग नाल्यातून काय येतं, ते नगरसेवकाला विचारायचं.