पोलंडचें बंड आणि युरोपचे खलिते

युरोपचा इतिहास शिकविणाऱ्या आम्हां प्राध्यापकांच्या हातून पोलंडवर नेहमींच अन्याय होतो. १८६३ चें बंड आम्ही बिस्मार्कच्या चरित्रांतील एक प्रकरण म्हणून सांगतों आणि पुढें जातों. मागें एकदां वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारलें, "ज्यांच्यापाशीं ना सैन्य ना तोफा, ते उठले तरी कशाच्या बळावर?" "राष्ट्रप्रेमाच्या," असें सांगून मीं वेळ मारून नेली. तें उत्तर खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. आणि पुष्कळ दिवस मला तें सलत राहिलें.

क्रिमियन युद्धांतील पराभवानें रशियाचा दरारा ओसरला होता. १८५६ च्या मे महिन्यांत दुसरा अलेक्झांडर वॉर्सास आला, तेव्हां सवलतींची आशा धरून असलेल्या पोलिश सरदारांना त्यानें "स्वप्नें पाहूं नका" असें बजावलें. कारभार मात्र त्यानें सैल केला. फास ढिला करावा आणि मान हलवूं नये म्हणावें, असा तो प्रकार! १८६१ च्या फेब्रुवारींत वॉर्साच्या रस्त्यावर पांच माणसें गोळ्यांना बळी पडलीं. एप्रिलांत राजवाड्यापुढील चौकांत त्याहून मोठा रक्तपात झाला.

मार्क्विस व्हिएलोपोल्स्की हा या नाटकांतील खरा शोकपात्र पुरुष, असें मला वाटतें. त्यानें पोलिश शाळा पुन्हां उभ्या केल्या, ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क मिळवून दिले. पण लोकांना विश्वासांत घेणें त्याला कधींच जमलें नाहीं. शहरांतील तापट तरुण नांवनिशीवार सैन्यांत भरून टाकले कीं गळूं फुटेल, असा त्याचा हिशेब. १४ जानेवारी १८६३ च्या रात्रीं भरतीचे शिपाई दारोदार गेले. कित्येक तरुण आधींच रानांत पळाले होते. २२ तारखेस बंड पुकारलें गेलें, तें तयारी पुरी झाली म्हणून नव्हे, तर थांबण्यास जागाच उरली नाहीं म्हणून.

पण तें वर्षभर टिकलें कशानें? येथें मुत्सद्द्यांचा संबंध येतो. ८ फेब्रुवारीस प्रशियानें रशियाशीं करार करून बंडखोरांच्या पाठलागासाठीं आपली सरहद्द मोकळी केली. पोझ्नानचा पोलिश मुलूख स्वतःच्या ताब्यांत असल्यानें बिस्मार्कला रशियाचें प्रेम आणि पोलंडचें दमन दोन्ही हवीं होतीं. त्या करारानें घरचें भांडण युरोपचें झालें. फ्रान्स, इंग्लंड आणि (गॅलिशिया बळकावून बसलेलें!) ऑस्ट्रिया यांनीं एप्रिलांत खलिते धाडले. जूनमध्यें सहा मागण्या आल्या: सर्वांस माफी, प्रतिनिधिसभा, कारभारांत पोलिश माणसें, धर्माची मोकळीक, पोलिश भाषा आणि सहावी, भरतीची न्याय्य पद्धत. ज्या भरतीनें आग लागली, तिच्याविषयींचें कलम शेवटीं!

पॅरिसहून "तग धरा" अशा अर्थाचे निरोप येत, आणि रानांतले तरुण तग धरीत. तिसऱ्या नेपोलियनची फौज मेक्सिकोंत गुंतलेली. तो ऱ्हाईनकडे सरकेल म्हणून इंग्लंड साशंक. ऑस्ट्रियाला तर लढायचेंच नव्हतें. गोर्चाकोव्हनें हें नेमकें ओळखून मागण्या झिडकारल्या. त्यानंतर कोणीही एक शिपाई हलविला नाहीं. खलिते न येते तर किती जीव वांचते, हा हिशेब करण्यास मी अजून धजलों नाहीं.

ऑक्टोबरांत रोमुआल्ड ट्राउगुटनें सूत्रें हातीं घेतलीं, तीं आशा संपल्यावर. बंडाच्या पहिल्याच दिवशीं शेतकऱ्यांना जमिनी देण्याची घोषणा झाली होती. २ मार्च १८६४ रोजीं झारनेंच त्या देऊन बंडखोरांच्या हातचें शेवटचें शस्त्र काढून घेतलें. ५ ऑगस्टला ट्राउगुट वॉर्साच्या किल्ल्याबाहेर फांसावर चढला.