खांदेश्वरच्या तळ्याकाठी

खांदेश्वर म्हणजे हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचे स्टेशन. उतरणाऱ्याला वाटते, इमारतींच्या रांगांशिवाय येथे काय पाहायचे? पण चार पावले चालायची तयारी असेल तर खांदेश्वराचे देऊळ आणि तळे लागते. संध्याकाळी त्या तळ्याकाठी बसणारे एक आजोबा माझे स्नेही झाले. त्यांची भातशेती नव्या शहरात गेली. पुढे साडेबारा टक्के योजनेत भूखंड मिळाला. कागदाची किंमत त्यांना कोणी शिकवायला नको.

2025 साली त्यांची नात जर्मनीला शिकायला निघाली आणि अर्ज पाहायला मला बोलावणे आले. पासपोर्ट, प्रवेशपत्र, विमा, पदवी खरी असल्याचे एपीएसचे प्रमाणपत्र, अशी चवडच होती! सर्वांत जड कागद बँकेचा. वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच खात्यात भरायचे. तिकडे गेल्यावर त्यातले दरमहा 992 हाती येणार. आजोबांनी त्यासाठी भूखंड गहाण टाकला होता.

"आपलेच पैसे, आन् आपल्यालाच हप्त्यानं?" ते म्हणाले. मला हसू आले. त्यांना आले नाही.

आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा अडवायला समाज होता, व्हिसा नव्हता. हे मी सांगितले, पण पोरीचे लक्ष फोनमधल्या तारखेवर.

अखेर व्हिसा आला. आजोबांनी हात पुसून पासपोर्ट घेतला.

"किती वर्सांचा?"

"सहा महिन्यांचा, आजा."

"आन् मंग?"

मग तिने समजावले. व्हिसा देशात शिरण्यापुरता. तेथे खोली मिळवायची, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, आणि व्हिसा संपण्याआधी परदेशीयांच्या कचेरीत राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा. तेव्हा पुन्हा विमा, पुन्हा पैसे दाखवायचे.

"म्हंजे चावी दिली, पन घर नावावर नाय," आजोबा म्हणाले. इतका नेमका खुलासा मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळला नव्हता.

ते उठले, पेटीतून मेणकापडाची एक पिशवी घेऊन आले. भूखंडाचे कागद बँकेत गेल्यामुळे ती रिकामी झाली होती. नातीचे कागद त्यांनी एकेक करून तिच्यात घातले.

नवी मुंबईचा विमानतळ त्या ऑक्टोबरात उघडला. पोर महिनाभर आधीच सहारवरून गेली. पहिला फोन आला तो खोली मिळाल्याचा. परवान्याची तारीख अजून मिळायची होती. आजोबांनी फोन हातात घेतला आणि विचारले,

"पिशवी कुठं ठेवलीस, बाय?"